दहा मिनिटांचा दाब

"एकदाच टोचाल ना? सुई दिसली की ह्यांचं धाबं दणाणतं," शिंप्याची बायको आयसीयूच्या दारात म्हणाली. "आणि जन्म गेला सुया हातात धरण्यात!"

"एकदाच, वहिनी," धाकट्या डॉक्टरनं बोलून टाकलं.

आत शिंपी बेशुद्ध होता. पोटातला संसर्ग रक्तात भिनलेला, वरचं बीपी साठ. ते सावरणारं औषध मनगटाच्या बारीक शिरेतून चाललं होतं आणि हात सुजून पांढराफटक पडत होता. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घातल्याशिवाय आता गत्यंतर नव्हतं.

डॉक्टरनं सोनोग्राफीचा प्रोब मानेवर टेकवला. पडद्यावर दोन काळी वर्तुळं, खेटून. दाबल्यावर चपटी होते ती शीर, होत नाही ती धमनी. सुई आत गेली. काळपट रक्त आलं, संथ. प्रोब बाजूला ठेवून तिनं सुईतून तार सरकवली, सुई काढली आणि हात पुढे केला.

"डायलेटर."

वाट रुंद करणारी ती जाड, टोकदार नळी मोठ्या सिस्टरांनी दिलीच नाही. "आधी तार दाखवा."

"अहो सिस्टर, काळं रक्त आलंय. धमनीसारखी उसळीसुद्धा नव्हती. शिरेतच आहे."

"साठाच्या बीपीला उसळी कुठून येणार?"

"सत्तावन्न झालंय! आता वाद घालत बसायचं?"

"नंतर पोटभर ओरडा माझ्यावर. आधी बघा."

चरफडत तिनं प्रोब दाबला. एक वर्तुळ चपटं झालं. तार दुसऱ्यात चमकत होती.

ती जाड नळी घातली असती तर धमनीच फाटली असती.

"काढा. दहा मिनिटं दाबून धरा," म्हणत सिस्टरांनी औषध दुसऱ्या हातावर घेतलंसुद्धा. "हे टिकेल तेवढं टिकेल."

बोटांखाली ठोका, समोर आकडा. पंचावन्न. बावन्न. झालं असेल एवढ्यात, असं वाटून तिनं बोटं किंचित सैल केली.

"अजून तीन मिनिटं."

मग मानेची दुसरी बाजू. या खेपेला नजर पडद्यावरून ढळली नाही. तार शिरेत दिसली. तिनं दोनदा दाबून पाहिलं. डायलेटर न मागता हातात आला. नळी बसली, टाके पडले, औषध सुरू झालं. आकडा बावन्नवर हटून बसला. मग अठ्ठावन्न. सहासष्ट.

दारात येऊन तिनं मास्क उतरवला. "वहिनी, दोनदा टोचावं लागलं. पहिल्यांदा माझं चुकलं, सुई धमनीत गेली. आता नळी नीट बसलीय."

बायकोनं विचारलं, "कापडावर कात्री चालवायच्या आधी कळलं ना?"

"हो. सिस्टरांनी अडवलं."

"मग आज त्यांनाच ह्यांच्यापाशी बसवा," ती म्हणाली आणि बाकावर टेकली.