अकरा जोड

मिस्तरींनी काचेचा जग टबावर हलकेच तिरपा धरला. जगाच्या तळाशी थोडा फेस होता, तो त्यांनी सांडू दिला नाही. काठावरून जे काही खाली उतरलं ते कुणालाच दिसलं नाही. टबात कमीजास्त उंचीच्या तीन मेणबत्त्या जळत होत्या. आधी सगळ्यांत बुटकी विझली. मग मधली. उंच मेणबत्तीची ज्योत, कुणी तिला ‘सरक’ म्हटल्यासारखी, एकदा बाजूला झुकली आणि तीही गेली. धूर वर आला नाही. टबाच्या काठाखालीच आडवा पसरून राहिला.

होडीच्या केबिनमध्ये उतरायच्या पायरीवर, आईशेजारी बसलेल्या लेकीने नकळत पाय वर घेतले.

“खायचा सोडा आणि व्हिनेगर, बाकी काही नाही,” मिस्तरी म्हणाले. “स्वयंपाकाचा गॅसही असाच. हवेपेक्षा जड. घरात गळला तर दाराखालून तरी निघून जाईल. होडीला दाराखाली फट कुठली? जी बाहेरचं पाणी आत घेत नाही, ती आतलं बाहेर कसं सोडेल? फळ्यांखाली, तळात साठत राहतो. पाण्यासारखाच. फक्त पाय ओले होत नाहीत.”

“तुम्ही आमच्या शाळेत असतात, तर मी विज्ञानात पास झाले असते,” आई म्हणाली.

“मी स्वतः तीनदा बसलोय, काकू. विज्ञानालाच.”

आई हसली. चार महिन्यांत लेकीने ते हसू ऐकलं नव्हतं. ती टबाकडे बघत राहिली. धुराचा तो पातळ थर अजून हलला नव्हता. इतकी वर्षं जिला रिकामी जागा समजत आलो, तिच्यातही तळ असतो, काठ असतो, हे तिला आत्ता दिसत होतं.

तिने आणलेला हीटर खोक्यासकट बाहेर धक्क्यावर होता. मिस्तरींनी तो होडीत उतरवूच दिला नव्हता. तीन दुकानं पालथी घालून, प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्यांत चांगला दाखवा’ म्हणून तिने तो निवडला होता. आत छोटा सिलिंडर बसणारा, खाली चाकं असलेला. आईसाठी आहे म्हटल्यावर दुकानदाराने वर लाल फीतही बांधून दिली होती.

“वस्तू वाईट नाही, ताई,” मिस्तरी म्हणाले. “मोठ्या हॉलमध्ये चालेल. इथे काकू दार लावून पांघरुणात, आणि ह्याची ज्योत केबिनमधली हवा खात बसणार. हवा कमी पडली की जो वायू होतो, त्याला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाला खोकलासुद्धा येत नाही.”

लेकीने धक्क्याकडे पाहिलं. लाल फितीचं एक टोक वाऱ्यावर हलत होतं.

निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा होडीवर काढायचा, हे आईबाबांनी फार आधी ठरवलं होतं. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. आईने महिन्याभराने जाड पांघरुणं उन्हात घातली आणि म्हणाली, “ठरलंय ते ठरलंय.” लेकीने समजावलं, रुसून पाहिलं, भावाला फोन करायला लावला. शेवटी एवढंच कबूल करून घेतलं, की मिस्तरी नाही म्हणाले तर नाही. आई लगेच ‘बरं’ म्हणाली होती.

मिस्तरींनी शेगडीपाशी नळीला एक गोल काट्याचं मीटर जोडलं. होडीच्या मागच्या टोकाला, उघड्यावरच्या पेटीत सिलिंडर होता. तो त्यांनी चालू केला, काटा वर चढला, मग पुन्हा बंद केला. काटा जिथे थांबला तिथे काचेवर पेनने रेघ मारली.

“आता नळीत गॅस कोंडलाय. एखादा जोड केसाएवढा जरी ढिला असला तरी काटा खाली येईल. आला, तर फळ्या उचकटून सगळी नळी बदलायची. मग हा हिवाळा विसरा.”

“किती वेळ?” लेकीने विचारलं.

“दहा मिनिटं. हात लावायचा नाही, बास.”

तिघंही काट्यासमोर बसली. बाहेर पाणी होडीच्या कुशीला थापटत होतं. पाण्यावरचं ऊन गोल खिडकीतून येऊन छतावर थरथरत होतं, आणि त्या सगळ्या हलण्यात तो काटा तेवढा स्थिर होता. लेक इतकी पुढे झुकली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. मिस्तरींनी ती बाहीने पुसली. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले,

“ताई, टकटक नको.”

तिचं नख मीटरशेजारच्या लाकडावर वाजत होतं. तिने हात मांडीखाली घेतला. आई तिच्याकडे बघत होती. रागाने नाही.

दहा मिनिटं झाली. मिस्तरींनी आपणहून आणखी पाच जाऊ दिली. काटा रेघेवरच होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावून पाहिलं.

“एवढ्या होड्या तपासल्या,” ते म्हणाले, “पण हे... जोड कुणी दिलेत?”

“बाबांनी,” लेक म्हणाली. “होडीचं सगळं तेच करायचे.”

मिस्तरींनी ओट्याखालच्या कप्प्यात डोकं घातलं. नळी तिथून एका अरुंद पोकळीत शिरत होती.

“तुमच्या बाबांचा हात केवढा होता?”

बाबांचा हात लेकीला आठवला. तिच्या दोन हातांएवढा.

“ह्यांचा खांदा अडकला होता तिथे,” आई म्हणाली. “साबण लावून ओढून काढावा लागला. त्यानंतर हे पुस्तकातून वाचून दाखवायचे आणि मी पोटावर पडून जोड द्यायचे. अकरा आहेत. सहावा दोनदा केला, मनासारखा बसेना.”

“तू कधी बोलली नाहीस,” लेक म्हणाली.

“तू विचारलंस कधी? यायचीस, बाबांशी होडीबद्दल बोलायचीस आणि माझ्याशी घराबद्दल.”

आईने हे तक्रारीने म्हटलं नव्हतं. लेकीने मिस्तरींकडे पाहिलं, तर ते मन लावून मीटर बघत होते, जणू अजून पाच मिनिटं बाकी होती.

“मग काकू, माझं काही म्हणणं नाही,” ते म्हणाले. “शेगडीमागची रबरी नळी जुनी झाली, तेवढी बदलू. उबेसाठी डिझेलचा हीटर बसवू. त्याची हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो. त्याचा श्वास वेगळा, तुमचा वेगळा. आणि धोक्याच्या घंट्या दोन. गळक्या गॅसची पायाशी, विषारी हवेची उशाशी. गॅस चालू राहू दे.”

“नको. गॅस काढा. नळीसकट.”

मिस्तरी थांबले. “अहो, असं काम काढून टाकायचं?”

“मी शेगडीचा खटका बंद करायचे आणि ओरडून विचारायचे, ‘बंद?’ हे मागे पेटीपाशी जाऊन सिलिंडर बंद करायचे आणि सांगायचे, ‘बंद.’ त्यांचा आवाज आल्याशिवाय मी इथून हलायचे नाही. एकदाही चुकलं नाही.” तिने पदर खोचला. “आता विचारायचं मीच आणि सांगायचंही मीच. पंधरा दिवसांत विचारणंच सुटेल. मी ओळखते मला. स्पिरिटची शेगडी द्या, तिला सिलिंडरच नाही. चहाला वेळ लागेल, लागू दे. वेळच आहे माझ्याकडे.”

“स्पिरिट थंड शेगडीतच भरायचं, तेही बाहेर,” मिस्तरी म्हणाले. “उजेडात ज्योत दिसत नाही. हात वर धरून बघायचं, मगच विझली म्हणायचं.”

“बघेन.”

ह्यापुढे कुणी कुणाला काही समजावलं नाही. मिस्तरींनी मागे जाऊन सिलिंडर उतरवला, नळीत कोंडलेला गॅस पेटीतून बाहेर वाऱ्यावर सोडला आणि परत येऊन आईच्या हातात पाना दिला. विजेरी पेटवून ते तिच्यामागे वाकले.

आई फळ्यांवर पोटावर पडली. हात खांद्यापर्यंत पोकळीत गेला आणि गाल लाकडाला टेकला, लेकीकडे तोंड करून. डोळे तिने मिटले होते. मिस्तरी क्षणभर तसेच राहिले, मग त्यांनी विजेरी बंद केली.

लेक तिच्या चेहऱ्याशी बसली. आत कुठेतरी पाना एकदा घसरला, मग बसला. आईच्या भुवया किंचित वर गेल्या. सुईत दोरा जाताना जायच्या तशा. धातू करकरला.

हात बाहेर आला. आईने डोळे न उघडताच छोटासा पितळी नट लेकीच्या तळव्यावर ठेवला.

“एक,” ती म्हणाली, आणि तिचा हात पुन्हा आत गेला. लेकीने तळवा तसाच उघडा ठेवला.