दोन टोचे

म्हाताऱ्या क्लेअरने गळाची काठी मागे झटकली आणि दोरी पुढे आलीच नाही. ती वर गेली, गरकन फिरली आणि त्याच्या टोपीवरून पलीकडे निघाली.

"झाडात अडकली," गुडघाभर पाण्यात उभा असलेला हार्लन म्हणाला.

"झाड असं उडतं का, गाढवा?"

वटवाघूळ होतं. मे महिन्यात दिवस कलताना ओढ्यातून पिवळ्या माश्यांचे थवे उठतात. त्यांच्यावर खालून ट्राउट मासे तुटून पडतात, वरून वटवाघळं, आणि मधे हे दोन निवृत्त गृहस्थ दोऱ्या-पिसांच्या खोट्या माश्या गळाला लावून उभे असतात. ट्राउट त्या माश्यांना सहसा भुलत नसत. वटवाघूळ भुललं.

क्लेअर चाळीस वर्षांच्या सवयीने वागायचा तसाच वागला. दोरी ओढून घेतली, कोरड्या हाताने माशाची कातडी दुखावते म्हणून हात पाण्यात बुडवून ओले केले, आणि ते फडफडणारं काळं प्रकरण हलकेच मुठीत धरून गळ सोडवला. हार्लन सहा हात लांब, जाळं छातीशी घट्ट धरून उभा होता.

"सोडू नकोस! पिसाळलेलं असलं तर? तपासायला न्यावं लागेल!"

पण लहान मासा सोडताना उघडावा तसा क्लेअरचा तळवा उघडलाही होता. वटवाघूळ गेलं. तळव्याच्या कडेला रक्ताचा बारीक थेंब राहिला.

"गळ लागला," क्लेअर म्हणाला.

"गळ त्याच्या तोंडात होता."

"मग दात लागला असेल. बोटभर तर होतं. अर्थात गावात तू सांगशील तेव्हा ते घारीएवढं होईल."

एरवी हार्लन हसला असता. त्याने सांगितलेल्या माशाची लांबी निम्मी करून ऐकायची, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

"इस्पितळात जाऊ. आत्ताच्या आत्ता."

"तिथे मी पाय ठेवणार नाही." क्लेअर काठी पुसायला लागला. जानेवारीत नॉर्मा, त्याची बायको, साध्या खोकल्यासाठी तिथे आपल्या पायांनी चालत गेली होती. नवव्या दिवशी क्लेअर तिचे बूट पिशवीत घालून एकटाच परतला. तेव्हापासून गिरणीला जायचं झालं तरी तो इस्पितळाचा रस्ता टाळून नऊ मैलांचा वळसा घेई. त्याविषयी त्याला कुणी विचारत नसे.

हार्लनला त्या रात्री झोप आली नाही. लहानपणी त्याच्या वडिलांच्या गोठ्यात एक गाय पिसाळली होती. तहानेने जीव चाललेला, आणि पाण्याची बादली पुढे केली की ती थरथरत भिंतीला जाऊन चिकटायची. डॉक्टरांनी तेव्हा वडिलांना सांगितलेलं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं: लक्षणं दिसेपर्यंत थांबलं, की मग करण्यासारखं काही उरत नाही.

सकाळी सहाला त्याने फोन लावला.

"पाणी प्यायलास?"

"हार्लन, किती वाजलेत?"

"प्यायलास का ते सांग."

"कॉफी प्यायलो. पुढच्या वेळी माझ्या लघवीची चौकशी करायला साडेपाचलाच फोन कर." क्लेअरने फोन ठेवला.

हार्लन माश्या बांधायच्या टेबलापाशी बसला. दिवा लावला, भिंग ओढलं, डबीतून गळ काढला. इथे सांगायला हवं की हार्लन सुईला भितो. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये रक्तदान होतं तेव्हा त्याच्याकडे फक्त डोनट वाटायचं काम होतं, तरी तो बेशुद्ध होऊन आडवा झाला होता आणि पडताना डोनटचं टेबलही घेऊन गेला होता. त्याने डावी तर्जनी भिंगाखाली धरली. पहिला टोचा टेबलालाच लागला. मग डोळे मिटून त्याने एकदा टोचलं, आणि घाम पुसून पुन्हा एकदा.

तो क्लेअरच्या घरी पोचला तेव्हा क्लेअर तव्यावर स्क्रॅपलच्या, म्हणजे डुकराचं मांस आणि मक्याच्या पिठाच्या, वड्या परतत होता. हार्लनने बोट पुढे केलं.

"मलाही चावलं. सुटताना."

"तुला?"

"काल बोललो नाही. आता इंजेक्शनं घ्यावी लागणार, आणि एकट्याने जायचं म्हटलं तर माझे पाय लटपटतात. तू फक्त सोबत चल. आत येऊ नकोस हवं तर."

क्लेअरने चष्मा लावला. बोट उजेडाकडे वळवून तो बराच वेळ बघत राहिला. वड्या करपल्याचा वास सुटला तेव्हा त्याने गॅस बंद केला आणि खुंटीवरची टोपी घेतली.

इस्पितळाच्या दारात तो थांबला. सरकती दारं दोनदा उघडली, दोनदा मिटली. हार्लनने त्याच्या बाहीला धरलं. कोण कुणाला धरून होतं ते सांगणं कठीण होतं. आतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. थोडं औषध जखमेतच टोचावं लागेल, मग आज धरून दोन आठवड्यांत चार वेळा लस, असं सांगून त्यांनी विचारलं, "आधी कोण?"

"आधी ह्याला द्या," क्लेअर शांतपणे म्हणाला. "ह्याला फार लागलंय."

हार्लनने त्याच्याकडे बघितलं. मग सुईकडे बघितलं. त्यानंतरचं त्याला फारसं आठवत नाही.

शुद्धीवर येऊन गाडीत बसला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. शेजारी क्लेअर आपल्या तळव्यावरची पट्टी चाचपत होता.

"किती मोठं होतं रे तुझं ते वटवाघूळ?"

सवयीने हार्लनचे दोन्ही हात वर उठले. मग त्याने ते हळूच मांडीवर ठेवले.

"नाही, त्या दोन टोच्यांमधलं अंतर बघितलं म्हणून विचारतो," क्लेअर समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "एवढ्या जबड्याचं वटवाघूळ आपल्या खोऱ्यात मी तरी पाहिलं नाही."

हार्लनने ते बोट मुठीत लपवलं.

"शुक्रवारी दुसरी लस. नऊला घ्यायला ये. एकटा घाबरशील तू."

क्लेअरने पायापाशी पडलेली पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि तोंडाला लावली. घोट गळ्याखाली उतरेपर्यंत हार्लन त्याच्या मानेकडे टक लावून बघत होता. एक घोट. दुसरा.

क्लेअरने तोंड पुसलं आणि बाटली त्याच्यापुढे धरली.

"घे. आता तू पिऊन दाखव. तुलाही चावलंय ना."