काठाला दाट

कट्.

आत्यांच्या अडकित्त्यात सुपारी फुटली आणि वैष्णवीच्या पापण्या हलल्या. माझा लिहिता हात थांबला. दुसरा मात्र तिला वारा घालत राहिला. वीज गेली की खालचे यंत्रमाग बंद पडतात आणि आमच्या भवानी पेठेत इतकी शांतता होते की सुपारीचासुद्धा दचका बसतो. पंखा बंद, म्हणून प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणानं लेकीला वारा आणि चौथ्यावर पेन्सिल, असं माझं चाललं होतं.

लेक पाच वर्षांची, प्रबंध सहा वर्षांचा. दोघांत धाकटं कोण, हे रोज बदलतं. सोमवारी प्रबंध विद्यापीठात द्यायचा. दोनदा मुदत वाढवून घेतलीय, तिसऱ्यांदा मिळणार नाही. आज गुरुवार.

“रोज काय लिवतीस गं येवढं?” आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे गोजाबाई, माझ्या सासूबाई. सांगोल्याच्या माळावर निम्मं आयुष्य मेंढरांमागं चाललेल्या; गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून आमच्याकडं, बिरुदेवकडं आणि माझ्याकडं. “बिरुदेवला इचारलं तर म्हंतोय, तारा कसा मरतोय त्येचं गणित हाय.”

“तसंच आहे.”

“मग सांग की. मला काय कळायचं न्हाय व्हय?”

मी हळू आवाजात सांगितलं. तारा म्हणजे धुळीचा एक मोठा गोळा धरायचा, कांद्यासारखा, थरावर थर. आतलं जळण संपलं की थर मधल्या बिंदूकडं पडायला लागतात. पडता पडता एक वेळ अशी येते, की आत जेवढं वजन आहे त्या मानानं गोळा फारच लहान झालेला असतो. मग बाहेरच्या बाजूला सोडलेला प्रकाशसुद्धा आतच जातो. ती जी हद्द, तिला क्षितिज म्हणतात. त्याच्या पलीकडून काही परत येत नाही.

“आन् वलांडणाऱ्याला कळतं का, आता आपलं संपलं म्हणून?”

“नाही. ओलांडताना काहीच जाणवत नाही.”

“बरं हाय की मग.” कट्. “मधे किती दाट, काठाला किती?”

हे मला माझ्या मार्गदर्शकांनी, हिंदुराव सरांनी, पहिल्या भेटीत विचारलं होतं. “मधे सगळीकडं सारखं. काठाला जरा दाट.” सगळे काठाला विरळ धरतात. काठाला दाट धरलं तरी आधी क्षितिजच तयार होतं, जो काही गोंधळ व्हायचा तो त्याच्या आड होतो, हे मी दाखवलं होतं. चौथं प्रकरण म्हणजे तेच. खरं तर अख्खा प्रबंध म्हणजे तेच.

“काठाला दाट?” आत्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “मग मागची म्होरं जाणार की गं. आमी राती वाघूर लावायचो, जाळीचा वाडा. कडंची दाटली की मधल्यांच्या अंगावर जायाची. दोन कोकरं गेली हुती माझी एका राती.”

“आत्या, ही धूळ आहे. इथं कुणी कुणाला ढकलत नाही.”

“ढकलत न्हाईत? लई शानी मेंढरं तुझी!”

मी हसले. पण हसू पुरतं बाहेर आलं नाही.

त्यांचं कारण चूक होतं. प्रश्न बरोबर होता. कुणी न ढकलताही थर पुढं जाऊ शकतो. प्रत्येक थर मधे कधी पोचणार, हे त्याच्या आतला माल सरासरी किती दाट आहे त्यावर ठरतं. सरासरी जास्त, तर पडणं लवकर. काठाला दाटपणा असेल, तर काठाकडच्या थरांची सरासरी मधल्यांपेक्षा जास्त. म्हणजे बाहेरचा थर आतल्याच्या आधी पोचणार. म्हणजे वाटेत त्याला ओलांडणार. आणि एकदा का थर एकमेकांतून गेले, की माझी पुढची सगळी समीकरणं जाग्यावर थांबतात.

मी एकाहत्तरावं पान उघडलं. “थर एकमेकांना ओलांडत नाहीत असे मानू.” स्वच्छ टाइप केलेली एक ओळ. जुनी वही कपाटाच्या वरच्या फळीवर होती. काढली. तीच ओळ, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘तपासणे’. त्या शब्दाच्या शेवटापासून पेन्सिलीची एक वाकडीतिकडी रेघ पानाबाहेर गेलेली.

ती रेघ वैष्णवीची. दीड वर्षाची होती, अंगात ताप, मांडीवरून उतरायला तयार नव्हती. तिनं पेन्सिल ओढली, मी वही मिटली आणि तिला औषध पाजायला उठले. तपासणे राहिलं. साडेतीन वर्षं राहिलं.

मी गॅस बंद आहे का बघून आले. दुसऱ्यांदा बघून आले. नळ घट्ट केला. मग खाली बसले.

अजून एक आशा होती. ओलांडणं झालं तरी ते क्षितिजाच्या आड झालं, तर माझं म्हणणं टिकतं. दोन वेळा काढायच्या: थर कधी ओलांडतात, क्षितिज त्यांना कधी गाठतं. कुठली आधी? चार ओळींचं गणित. दुसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं, खोडलं. वैष्णवी कुशीवर वळली, तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला, परत पहिल्या ओळीपासून.

माझे आकडे धरले तर ओलांडणं आधी. क्षितिजाबाहेर, उघड्यावर.

काठाचा दाटपणा निम्मा केला. तरी आधी. शंभरावा हिस्सा केला. तेव्हा कुठं ते सरकत सरकत क्षितिजाच्या आड गेलं. म्हणजे माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण फक्त पुसट काठापुरतं खरं होतं.

मी गॅलरीत जाऊन हिंदुराव सरांना फोन लावला.

“सर, चौथ्या प्रकरणात थर ओलांडतात.”

“कोण म्हणालं?”

“सासूबाई.”

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला.

“मी तपासलं सर. खरंच ओलांडतात.”

“दिपाली,” सर सावकाश म्हणाले, “परीक्षक एकाहत्तराव्या पानावर थांबतीलच असं नाही. देऊन टाक. नंतर शोधनिबंधात दुरुस्त कर. तुझ्या घरचं मला माहीत आहे.”

हो म्हटलं असतं तर सगळं आताच संपलं असतं. शनिवारी गावाला जायचं होतं, दिराच्या पोराचं जावळ होतं.

“चूक आहे सर ते. मला दिसल्यावर कसं देऊ?”

“मग काठाच्या दाटपणाची नवी मर्यादा काढायची, सगळे आलेख नव्यानं. सोमवारपर्यंत होईल?”

“बघते.”

“बघते म्हणू नकोस.”

“करते.”

आत आले तर आत्या सुपारीचा चुरा गोळा करत होत्या. “ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “तू ऱ्हा हितं. पोरीला आमी न्हेतो.”

“ती माझ्याशिवाय कधी झोपलेली नाही, आत्या.”

“मग आता झोपंल. कोकरूबी शिकतंय.”

खाली धडधड सुरू झाली. वीज आली, पंखा फिरला, चौथं प्रकरण खोलीभर उडालं आणि वैष्णवी उठून बसली.

शनिवारी सकाळी बिरुदेवनं पिशवी खांद्याला लावली. चिंचोळीच्या कारखान्यातून मोठ्या मुश्किलीनं त्याला सुट्टी मिळाली होती. “निघायचं का? एसटी थांबायची न्हाय आपल्यासाठी.” वैष्णवी दारात बसून चपलेचा पट्टा लावत होती. मी टाकून दिलेलं एक पान तिच्या हातात होतं. वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ, आणि एक जाड रेघ.

“ही जाड का गं, आई?”

“ती ओलांडली की परत येता येत नाही.”

“ओलांडताना दुखतं?”

“नाही. कळतसुद्धा नाही.”

“कुणालाच न्हाय?”

“कुणालाच नाही.”

तिनं पानाकडं पाहिलं. मग उंबऱ्याकडं, मग खोलीभर पसरलेल्या कागदांकडं आणि त्यांच्या मधे उभ्या असलेल्या माझ्याकडं.

“आई, मग आपण आता आत हाय का भाईर?”