सगुणाबाईंचं शेवटचं रीळ

मित्रांनो, हात लावण्याआधी नाव सांगा, गाव सांगा. मी सिनेमाचं रीळ ठेवायचा पत्र्याचा जुना डबा आहे आणि माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. स्वभावच तसा, काय करणार!

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत रत्नागिरीजवळच्या पावस गावच्या सगुणाबाई पडद्यावर अशा गाजल्या, की तिकिटासाठी माणसं एकमेकांच्या पायावर पाय देत. मग विषमज्वराने आवाज बसला आणि बाई तीन वर्षं घरी राहिल्या. लढाई संपल्यावर परतल्या त्या गाण्यांनी भरलेल्या एका रडव्या चित्रपटात. त्यातलं त्यांचं मोठं गाणं शेवटच्या रिळात होतं आणि ते रीळ माझ्या पोटात. थेटरात लोक हुंदके देत आणि बाहेर आले की कुजबुजत, बसलेला आवाज असा सुटतो होय? पडद्यामागे दुसरीच कुणी गाते.

पुढे कंपनी बुडाली. बाकीची रिळं कुठे गेली देव जाणे. बाईंनी मला तेवढं पावसला आणून थोरल्या भावाच्या, गोपाळकृष्णदादांच्या हवाली केलं. दादांनी मला जिवापाड जपलं. दर वर्षी आगोटीला पावसाळ्याची बेगमी भरताना ते लोणच्याच्या बरण्यांची तोंडं मेणाने बंद करत, तेव्हा माझ्या झाकणाच्या कडेलाही मेण लावत. हवा लागायला नको, ओल धरायला नको! मला त्याचा कोण अभिमान. दारात भंगारवाला आला की मी झाकण आणखी आवळून घेई. पाहुण्यांवरही माझी नजर असे.

बाई दर मे महिन्यात माहेरी येत. एकदा त्या म्हणाल्या, रत्नागिरीत रीळ दाखवायचं यंत्र भाड्याने मिळतं.

"दादा, एकदा लाव की रे ते रीळ. तू तरी ऐक."

दादा मेण लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आगोट तोंडावर आली गो. पाऊस सरला की बघू."

असे अठरा पाऊस सरले. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही आणि एका हिवाळ्यात त्या गेल्या. मागून दादाही गेले. मला मात्र कोणी उघडलं नाही याचंच समाधान वाटत होतं.

यंदा एका लग्नात कोणीतरी दादांच्या नातीला, उर्वीला विचारलं, उसन्या आवाजाची नटी ती तुमचीच ना? पोरीच्या जिव्हारी लागलं. खरं काय ते एकदाच कळू दे, म्हणून तिने मुंबईहून जुनी रिळं दुरुस्त करणाऱ्या सलिलला बोलावलं. मऊ बोलणं, हातात पांढरे मोजे. मी म्हटलं, हा नक्कीच लबाड. त्याने सुरीने थरावर थर मेण काढलं, झाकण उचललं आणि पडवीभर आंबूस वास सुटला. आत रीळ नव्हतंच. काकवीसारखा चिकट गोळा होता.

सलिलने मोजे काढून ठेवले. मग म्हणाला, "बंद ठेवल्यानेच गेलं हे. रिळाला हवा लागते, अधूनमधून उलगडावं लागतं."

उर्वी त्या मेणाच्या ढिगाकडे बघत राहिली. "आजोबांनी एकदाही लावलं नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणजे त्यांनाही खात्री नव्हती."

मित्रांनो, आवाज बाईंचाच होता का, हे मला विचारू नका. सत्तरहून जास्त वर्षं ते गाणं माझ्या पोटात होतं आणि मी ते कधी ऐकलं नाही. मी चोरांवर नजर ठेवून बसलो होतो. घरात जपलेलं काही असेल तर उघडून बघत जा, आणि मनात शंका असेल तर माणूस समोर आहे तोवर त्यालाच विचारा. बाई अठरा वर्षं, दर मे महिन्यात, समोरच बसून जेवत होत्या.