निरांजनावर फुंकर
अठ्ठ्याऐंशी साल, अमेरिकेतल्या नोव्हाय गावातलं घर, केतकीचा एकोणिसावा वाढदिवस. बेसमेंटमध्ये बाबांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी पुन्हा तीच मेली फिल्म लावली. पडद्यावर सहा वर्षांची केतकी पाटावर बसली आहे. आई ओवाळते, आणि केकवरची मेणबत्ती समजून पोरगी निरांजनच फुंकून टाकते. लगेच बाबांचा हात येतो. पोरगी पाटावरून खाली. फिल्म मुकी होती, पण केतकीच्या डाव्या कानाला ती थप्पड दर वेळी ऐकू यायची.

"आता गंमत बघा हं!" म्हणत बाबांनी रीळ उलटं फिरवलं. पोरगी उठून पाटावर बसली, हात गालावरून मागे गेला, विझलेली वात पेटली. काका-काकू पोट धरधरून हसले.

केतकीने प्रोजेक्टर उचलला आणि भिंतीवर आपटला. काचा उडाल्या, अंधार झाला. उजेड उरला तो केतकीला ओवाळायला आलेल्या आईच्या तबकातल्या निरांजनाचा. बाबा हात उगारून अंगावर आले.

केतकीने त्यांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि निरांजन फुंकलं.

"मार, बाबा," ती अंधारात म्हणाली. "आता उलटं फिरवता येणार नाही."