सहा नंबर आणि तपकिरी बटण

फुटबॉलमधलं मला सगळं कळतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आयुष्यात मी सलग दहा मिनिटंसुद्धा मैदानात पळालेलो नाही. एकदा पळालो, तर धाप लागून कडेला बसलो, आणि कडेला बसल्यावरच खेळ नीट दिसतो असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. आमच्या क्लबने कोणाला घ्यावं, कोणाला विकावं, बचावाला तीन ठेवावेत की चार, हे मी बावीस वर्षं दर दुसऱ्या रविवारी चौदाव्या रांगेत बसून ठणकावून सांगत आलोय. क्लबने माझं एकदाही ऐकलेलं नाही. माझं ऐकलं ते फक्त एका लॉन्ड्रीने, आणि तेही एकदाच.

चौदाव्या रांगेत माझ्या डाव्या हाताला दाजी बसायचे, माझ्या ताईचे यजमान. ताईचं लग्न झालं तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. ती घरातून गेल्यावर मी महिनाभर कोणाशी धड बोलत नव्हतो. दाजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी काही समजूत वगैरे घातली नाही, एका रविवारी येऊन म्हणाले, "मेहुणे, बूट घाला, सामन्याला जाऊ." तेव्हापासून आमच्या दोन खुर्च्या ठरलेल्या. पुढे त्यांनीच मला लॉन्ड्रीत चिकटवलं. ते मशीनवरच राहिले आणि मी अकरा वर्षं त्यांचा सुपरवायझर होतो, यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही. मला 'कोच' हे नावही त्यांनीच पाडलं. आता सगळी लॉन्ड्री मला कोच म्हणते. मला ते आवडतं, हे कबूल करतो.

आमचं भांडण ठरलेलं असायचं, सहा नंबरवरून. सहा नंबर म्हणजे आमच्या टीमचा म्हातारा मिडफिल्डर. म्हातारा म्हणजे चौतीस. बचाव फळीच्या पुढे उभा राहतो, पळत म्हणून नाही. मी बोंबलायचो, "एक पाऊल मागे आहे तो! विका त्याला!" दाजी शेंगांची पुडी माझ्यापुढे धरून म्हणायचे, "अरे, चेंडू येणार तिथे तो आधीच उभा असतो. पळायचं कशाला?" आणि मी ऐकत नाही असं दिसलं की त्यांचं दुसरं वाक्य यायचं, "बरं, विकू. त्याच्या जागी कोण ते सांग आधी." मग मी आणखी मोठ्याने ओरडायचो.

गेल्या महिन्यात एका सामन्यात मी असाच सुटलो होतो आणि नेमकं त्याच मिनिटाला सहा नंबरने, जागचा न हलता, समोरच्यांचा हल्ला अडवला आणि एका पासमध्ये आमचा गोल करून दिला. दाजी उठून उभे राहिले आणि मागच्या रांगेकडे वळून म्हणाले, "कोचसाहेबांना कोणीतरी चष्मा द्या रे." पंधरा-वीस लोक हसले. मागचा रिटायर पोस्टमन तर डोळे पुसत होता. मीही हसलो, पण ते मला लागलं होतं. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो असतो, पुढचं घडलं नसतं तर.

त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी नव्या मॅनेजर मॅडमनी मला वरच्या केबिनमध्ये बोलावलं. बाई सरळ, हसतमुख, वयाने माझ्यापेक्षा लहान. आमच्या लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी आणि गणवेश येतात. चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरच्या मोठ्या मशीनवर आठ माणसं: पुढून ओल्या चादरी लावणारे, मागे गरम चादर झेलणारे, मग घड्या, मग गठ्ठे. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या प्लांटला, धुलाईच्या बाजूला, एक माणूस पाठवायचा आहे. कायमचा. मी इथे नवीन आहे, तुम्ही सगळ्यांना ओळखता. आणि तुम्ही म्हणे फुटबॉलचे फार जाणकार. ही तुमची टीम समजा. कशी लावाल?"

म्हणजे एक माणूस जाणार हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं, गप्पा चालल्या होत्या, असं म्हणायची सोय मला नाही.

त्यांच्या टेबलावर बटणांचा डबा होता. धुलाईत कपड्यांची तुटलेली बटणं निघतात, ती आम्ही एका डब्यात टाकतो. मी तो डबा उपडा केला. मला कोणीतरी शेवटी माझं मत विचारलं होतं! आठ बटणं मांडली. शिवाय मधोमध एक मोठं पांढरं, ते अर्थात मी. मशीन हा बचाव, घड्या म्हणजे मिडफिल्ड, गठ्ठे म्हणजे गोल. कोण चपळ, कोण कोणाशी जुळतं, कोण उजवीकडे शोभेल, मी अर्धा तास बोलत होतो. मॅडम लिहून घेत होत्या. मला वाटतं इतकं चांगलं मी आयुष्यात बोललो नसेन. मग मी डाव्या कोपऱ्यातल्या मोठ्या तपकिरी बटणावर बोट ठेवलं. कोटाचं बटण होतं, चार भोकांचं. म्हणालो, "हा अनुभवी आहे, पण वेगाच्या एक पाऊल मागे आहे. हा विकायचा." आणि बोटाने ते डब्यात ढकललं. टण्ण आवाज झाला. शेजारची दोन बटणं मी जरा जवळ सरकवली आणि म्हणालो, "बघा, जागा भरली."

मॅडमनी विचारलं, "हे कोण?" मी दाजींचं नाव सांगितलं. ते माझे दाजी आहेत, हे नाही सांगितलं.

जिना उतरताना मी शीळ घालत होतो. खाली दाजी मशीनच्या मागे डाव्या टोकाला उभे होते. चादर आली, त्यांनी मनगटाच्या मागच्या बाजूने कडेला नेहमीची टपली मारली आणि कोपरा धरला. मला बघून म्हणाले, "काय कोच, प्रमोशन?" तेव्हा कुठे माझी शीळ थांबली.

गुरुवारी संध्याकाळी ताईने फोन करून बोलावून घेतलं. दाजी जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर कंपनीचं पत्र. सोमवारपासून दुसरा प्लांट. दोन बस बदलून जायचं, ओल्या कपड्यांचे गाडे ढकलायचे, आणि सुट्टी बुधवारी. म्हणजे रविवार गेला. सत्तावन्नाव्या वर्षी, पाठीचं दुखणं असलेल्या माणसाला ओले गाडे! ताई म्हणाली, "वाच ना तू, काही करता येतं का बघ." पण दाजींनी स्वतःच वाचलं, मोठ्याने, चष्मा नाकावर ओढून. "आपला अनुभव मोलाचा असला तरी सध्याच्या कामाच्या वेगापेक्षा आपण एक पाऊल मागे असल्याचे..."

तिथे ते थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. मग उरलेलं पत्र वाचून टाकलं. शेवटी लिहिलं होतं, की हरकत असल्यास शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवावी. ताईने माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो न पिता, उशीर होतोय म्हणून निघालो. उशीर कशाला होत होता, देव जाणे.

शुक्रवारी मात्र मी हिय्या केला. मशीनवरच्या सगळ्यांसमोरून जिना चढून गेलो आणि मॅडमना सांगितलं की ते माझे दाजी आहेत, माझं चुकलं, त्यांना इथेच राहू द्या. मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हे तुम्ही मंगळवारी सांगायला हवं होतं. पण ठीक आहे, पत्र मागे घेता येईल. फक्त एक माणूस मला पाठवावाच लागेल. त्यांच्याऐवजी कोण?" आणि बटणांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

मी पुन्हा बटणं मांडली. एकीचं मूल लहान. एक नवीन, अजून हात बसलेला नाही. एक जण नुकताच दवाखान्यातून आलेला. प्रत्येक बटणाला घरदार होतं, मंगळवारी ते मला एकाचंही दिसलं नव्हतं. शेवटी नजर मधल्या पांढऱ्या बटणावर आली. मला बायको-पोरं नाहीत. पाठ धड आहे. दोन बस बदलायला मला काय धाड भरली होती? त्या बटणाला बोट लावायचं आणि ढकलायचं, एवढंच. पण तिकडे कोण मला कोच म्हणणार होतं? रविवार माझाही जाणार होता. मॅडम वाट बघत होत्या. त्यांनाही ते बटण दिसत होतं.

मी म्हणालो, "उद्या विचार करून सांगतो."

शनिवारी दुपारी बारा वाजले तेव्हा मी गठ्ठे मोजत होतो. मोजलेलेच पुन्हा मोजले. साडेबाराला खाली मान घालून घरी गेलो.

रविवारी सामना होता, दाजींचा शेवटचा. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. पण ते नेहमीसारखे पाच मिनिटं आधीच येऊन बसले होते, शेंगांची पुडी घेऊन. सहा नंबर मैदानात होता. त्याला विकायची बोलणी चालली आहेत असं पेपरात आलं होतं, त्यामुळे अख्खा स्टँड त्याच्यावर तुटून पडला होता. मागून पोस्टमन ओरडला, "एक पाऊल मागे! विका!" ओरडून त्याने माझ्या खांद्यावर शाबासकीची थाप मारली. माझंच वाक्य होतं ते.

दाजी म्हणाले, "आज गप्प का रे? बोल की काहीतरी."

मी बोललो. समोर बघत, एका दमात. बटणं, डबा, पत्रातलं वाक्य, शुक्रवार, पांढरं बटण, सगळं. कानशिलं तापली होती. असं वाटत होतं की रांगेतल्या प्रत्येकाला ऐकू जातंय, आणि जावंच.

त्यांनी शेंगांची पुडी मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पत्र वाचलं तेव्हाच कळलं होतं. बावीस वर्षं कानाशी ऐकतोय ते वाक्य."

"दाजी, मी..."

"ते राहू दे. मला एवढंच सांग, माझ्या जागी कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "दोन बटणं जवळ सरकवली."

आणि तेव्हा दाजी चिडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं बघितलं. "कोणी नाही? अरे, डाव्या बाजूला रोलर झिजलाय! प्रत्येक चादर तिरकी येते. टपली मारून सरळ नाही केली तर पुढच्याच्या हातात घडी बसेल कशी? गरम कड घडीवरच्या पोरीच्या मनगटावर येईल. सहा वर्षं झाली झिजून!"

"मला माहीत नव्हतं."

"तू सुपरवायझर आहेस."

मी त्यांना रोज ती टपली मारताना बघत होतो. मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटत होती.

"उद्या सकाळी आधी तिला लांब बाह्यांचं काहीतरी घालायला सांग," दाजी म्हणाले, "आणि रोलरची तक्रार लिही. विसरू नकोस." मग ते सामना बघत बसले. पुडी त्यांच्या मांडीवरच राहिली. सामना बरोबरीत सुटला. सहा नंबर कसा खेळला, मला सांगता येणार नाही.

परत येताना आम्ही नेहमीच्या रस्त्याने चालत आलो. दाजींच्या दारातून मी मागे फिरणार होतो, पण ताईने हाताला धरून आत ओढलं. तिचे डोळे सुजलेले होते. "तुला काही विचारायचं धाडस होत नव्हतं," ती म्हणाली, "पण यांनी मला शुक्रवारीच सांगितलं. तू वर जाऊन मॅडमशी भांडलास म्हणे, यांच्यासाठी. स्वतःच्या नोकरीची पर्वा केली नाहीस. नाही झालं तर नाही झालं रे. सख्ख्या भावासारखं वागलास, असं हे म्हणाले."

शुक्रवारी, म्हणजे पत्र वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळं कळल्यावर.

दाजी दाराशी वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते आता सांगतील, निदान वर बघतील, असं वाटलं. त्यांनी एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही जोडून भिंतीशी नीट ठेवले.

"बोल ना," ताई म्हणाली, "भांडलास ना?"

"हो ताई," मी म्हणालो.