विहीणबाईंना हॉल पसंत पडेना

लग्न पाहावं करून, असं म्हणतात. ज्यानं म्हटलं त्याच्या काळी मांडव घातला की भागत होतं, रिसेप्शन नावाचं लचांड नव्हतं. अड्याळच्या वच्छलाबाईच्या नशिबी ते आलं. लेक प्रतिक्षाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आटोपलं होतं. लग्न सकाळी अड्याळच्या विहारात, वंदना घेऊन, साधंसुधं. त्यावर दोन्ही घरांचं एकमत. पण संध्याकाळचं रिसेप्शन पवनीला ठेवायचं ठरलं, म्हणजे मुलाकडच्यांना लाखांदूरहून यायला बरं पडेल, आणि तिथंच घोडं अडलं. मुलाच्या आईला एकही हॉल पसंत पडेना.

त्या दिवशी जानेवारीचं ऊन चांगलं वर आल्यावर दोन्हीकडची माणसं पवनीत भेटली. इकडून वच्छलाबाई, तिचा नवरा भैय्यालाल आणि प्रतिक्षा. तिकडून नवरदेव अंकुश, त्याची आई बेबीबाई आणि धाकटी बहीण कामिनी. ही कामिनी साक्षगंधाला आली नव्हती. परीक्षा होती म्हणे. बारावीतली, काडीसारखी पोरगी, उन्हातही स्वेटर घातलेला आणि खांद्याला ही एवढी मोठी पाण्याची बाटली. वच्छलाबाईनं तिला पाहिलं आणि मनाशी म्हटलं, नाजूक आहे. तेवढंच म्हटलं.

पहिलं ठिकाण गावाबाहेरचं लॉन. बाजूला तलावाची पाळ, मोकळी हवा, झाडाझाडावर लायटिंग करून देणार. भैय्यालाल खूश झाला. बेबीबाईनं मात्र पदर कानावरून घेतला.

"सांजच्याला इथं दव पडते जी. थंडी बाधते."

"शेगड्या पेटवून देऊ ना," भैय्यालाल म्हणाला.

"नको जी. आन दवाखानाही दूर हाय इथून."

आता लग्नाची जागा बघताना दवाखाना किती दूर ते कोण बघतं? भैय्यालालनं बायकोकडे पाहून डोळे मिचकावले. विहीण भारी चिकित्सक निघाली, असं त्याला म्हणायचं होतं. वच्छलाबाईला हसू आलं नाही. तिला कुठंतरी बारीकसं टोचलं, पण काय टोचलं ते कळेना.

दुसरा हॉल बाजारात, वरच्या मजल्यावर, एसीवाला. प्रतिक्षा स्टेज पाहूनच विरघळली. अंकुशला तिनं त्या मखमली सोफ्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि आईला फोटो काढायला लावलं. फोटो काढून वच्छलाबाई वळली तर दारातून जिना दिसत होता. कामिनी मधल्या वळणावर कठडा धरून उभी होती. तिनं दम खाल्ला, बाटलीतलं पाणी प्यायली, चार पायऱ्या चढली आणि पुन्हा थांबली. हॉलमध्ये आल्याबरोबर तिनं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या.

"पायऱ्या बहुत झाल्या," बेबीबाई म्हणाली. "आन एसी नाही चालत आमच्याकडे."

वच्छलाबाईनं मनात जुळवून पाहिलं. थंडी नको, चढणं नको, पाणी सतत जवळ, दवाखाना हाकेच्या अंतरावर. हे पथ्य तिला तोंडपाठ होतं. पोटच्या पोरासाठी तिनं ते वर्षानुवर्षं पाळलं होतं. तिनं हॉलच्या पांढऱ्या उजेडात कामिनीच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. ते पिवळसर होते.

संघपाल तिचा थोरला. सिकलसेलनं गेला. आमच्या भागात त्याला नुसतं सिकल म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली करतात. आईच्या रक्तात अर्धं असतं, बापाच्या रक्तात अर्धं असतं. त्या दोघांना काही होत नाही, दोघं मजेत शेती करतात, नोकरी करतात. पण दोन्ही अर्धी एकाच लेकराच्या वाट्याला आली की त्याचे हाल कुत्रा खात नाही. कळ उठली की संघपाल माझी हाडं फुटून राहिली म्हणून ओरडायचा आणि वच्छलाबाई त्याचे गुडघे चोळत बसायची. कॉलेजात जायच्या वयात तो गेला. प्रतिक्षा त्यातून वाचली, पण अर्धं तिच्याही रक्तात होतं.

मग सोयरीक करताना रक्ताचं विचारायचं नाही का, असं कोणीही म्हणेल. नर्सबाई तर घरोघर सांगून थकल्या की बाबांनो, आधी रक्त तपासा, मग पाहुणे बोलवा. ऐकतो कोण? भैय्यालालचं म्हणणं असं की आपण विचारलं तर ते उलट विचारतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी विचारलं नाही, म्हणजे त्यांच्याकडे सगळं साफ असणार. मग आपलं अर्धं सांगून पोरीचं जुळलेलं कशाला मोडायचं? संघपाल तापानं गेला, असं त्यानं मुलाकडच्यांना सांगून टाकलं. आणि प्रतिक्षाला सांगितलं की त्यांना सगळं सांगितलंय, ते हो म्हणालेत. पोरगी बापावर विश्वास ठेवून मोकळी झाली. वच्छलाबाईनं ते चालू दिलं होतं. आता तिच्या मनात आलं, त्यांनीही याच भीतीनं विचारलं नसेल तर?

जिना उतरताना तिनं नवऱ्याची बाही धरली. "अवो, त्या पोरीले सिकल हाय."

"काहीतरीच. अशक्त हाय पोट्टी जराशी."

"मी संघपालले वाढवलं. मले नका शिकवू. बहिणीले हाय, म्हणजे अंकुशच्या रक्तातही असू शकते."

भैय्यालालचा चेहरा उतरला. "चूप राह्य. पत्रिका छापाले गेल्या. आता बोलशीन तं गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही." मग आवाज खाली करून म्हणाला, "असू शकते म्हणतेस ना? नसूही शकते."

नसूही शकते. हे दोन शब्द घेऊन ती गाडीत बसली. प्रतिक्षा शालूच्या रंगाबद्दल बोलत होती आणि आईच्या डोळ्यांसमोर दुसरंच येत होतं. दवाखान्याचा तोच बाक, त्यावर प्रतिक्षा, तिच्या मांडीवर कळवळणारं लेकरू, आणि लेक विचारतेय, आई, तुला माहीत होतं ना?

तिसरा हॉल धनीरामचा. तळमजल्यावर, पिस्ता रंगाचा, पंखे करकरणारे, कोणी हौसेनं घ्यावा असं त्यात काहीही नाही. प्रतिक्षानं दारातच नाक मुरडलं. पण रस्त्याच्या पलीकडे सरकारी दवाखाना होता, आणि बेबीबाईचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा खुलला.

"मागं खोली हाय का जी? एखादा पलंग टाकाले?"

"हाय ना बाई, चला दाखवतो," धनीराम म्हणाला आणि तिला आत घेऊन गेला. भैय्यालालही त्यांच्या मागे गेला. प्रतिक्षा आणि अंकुश पार त्या टोकाला स्टेजवर उभे राहून कशाला तरी हसत होते.

इकडे कामिनीनं भिंतीला हात टेकला आणि ती हळूहळू खुर्चीवर बसली. ओठ दाताखाली धरलेला, कपाळावर घाम. आवाज काढायचा नाही, हे त्या पोरीला पक्कं शिकवलेलं होतं. वच्छलाबाईला वाटलं, आपण पाहिलंच नाही असं करावं. खरंच वाटलं. हात लावला की सगळं उघड्यावर येईल, लग्न मोडेल, प्रतिक्षा आयुष्यभर बोल लावेल. तिनं तोंड फिरवलंही. पण मागून तो ओळखीचा कण्हण्याचा आवाज आला आणि तिला राहवलं नाही. तिनं अंगावरची शाल काढून कामिनीच्या पायांना गुंडाळली, खाली बसली आणि गुडघे चोळू लागली.

"पाठीतही दुखून राहिलं का, बाई? सकाळची गोळी घेतली होती ना? जोरात नाही दाबत मी. पाणी पे."

मान वर केली तर बेबीबाई दारात उभी होती.

"तुमाले कसं माहीत हे सारं?"

"माझा संघपाल," वच्छलाबाई म्हणाली.

"तो तं तापानं गेला म्हणले होते तुमी."

"तापानं नाही गेला."

बेबीबाई तिथंच फरशीवर बसली. मग अगदी हळू तिनं विचारलं, "आन प्रतिक्षा?"

नाही म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? वच्छलाबाईनं मान वळवली. तिकडे स्टेजवर तिची लेक अजून हसत होती.

"अर्धं हाय तिच्या रक्तात. अंकुशच्या?"

बेबीबाईनं मान खाली घातली. "त्याच्याही. तुमी विचारलं नाही, तं मले वाटलं तुमच्याकडे साफ हाय. आमी विचारलं असतं तं तुमी उलट विचारलं असतं." मग तिनं वच्छलाबाईचा हात धरला. "इहीणबाई, पाहा ना, किती खूश हायेत दोघं. आता कायले बोलाचं? चार लेकरांत एखाद्याले होते म्हणतात. बाकीचे तं चांगलेच निघतात."

अगदी हेच वच्छलाबाईची भीती गाडीत बसल्यापासून तिला सांगत होती. त्या एका क्षणाला ती हो म्हणणार होती.

"आई," कामिनी डोळे न उघडता म्हणाली, "ते एखादं म्हणजे मीच ना?"

बेबीबाई पोरीच्या केसांवरून हात फिरवायला गेली तर पोरीनं मान वळवून घेतली.

तेवढ्यात धनीराम बाहेर आला. "मंग तारीख पक्की धरू का जी?" त्याच्या मागे उभ्या असलेल्या भैय्यालालनं बायकोकडे पाहिलं आणि मानेनंच नको नको म्हटलं.

"आज नका धरू, दादा," वच्छलाबाई म्हणाली. मग तिनं स्टेजकडे हाक दिली. "प्रतिक्षा, अंकुश, दोघंही इकडे या."

प्रतिक्षा हसतच आली. "मले हा हॉल नाहीच पाहिजे, आई."

"हॉलचं राहू दे. संघपालच्या सिकलचं या लोकायले सांगितलं नव्हतं आमी. तुझ्या रक्तातलंही नाही सांगितलं."

प्रतिक्षाचं हसू गेलं. तिनं बापाकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. मग तिनं कामिनीच्या पायांभोवतीची आईची शाल पाहिली, आईचे हात पाहिले, आणि काही सांगावं लागलं नाही. संघपालचे गुडघे चोळणारे ते हात ती लहानपणापासून पाहत आली होती. ती अंकुशकडे वळली.

"तुझ्याही रक्तात हाय?"

"हो."

"तुले माहीत होतं?"

"माहीत होतं," अंकुश म्हणाला. "तुले विचाराचं भेव वाटत होतं मले."